मुलं दारू-गांजाकडे वळू नयेत म्हणून नेमकं काय उपयोगी पडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत, शिक्षकांच्या बैठकीत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयाचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. जगभर गेली चाळीसेक वर्षं यावर सार्वजनिक आरोग्याच्या अंगानं संशोधन झालं आहे. त्यातला बराचसा भाग आपल्या शाळा-कॉलेजांपर्यंत पोचलेलाच नाही, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

आपल्याकडे एवढ्या लहान वयात हे होतं का? की उगाच घबराट आहे?

होतं. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते १७ वयोगटात दारू घेणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ३० लाख मुलं. गांजा-भांग-चरस घेणारी ०.९ टक्के, म्हणजे सुमारे २० लाख. टक्केवारी बारीक दिसते, पण ही पाहणी घरोघर जाऊन केलेली होती. आई स्वयंपाकघरात आणि बाबा समोर खुर्चीत असताना कुठला चौदा वर्षांचा मुलगा "हो, मी घेतो" म्हणेल?

शाळांमध्ये जाऊन, नाव न विचारता केलेल्या पाहणीत चित्र वेगळं दिसतं. मुंबईसह दहा शहरांतल्या ५,९२० विद्यार्थ्यांचा असा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५.१ टक्के मुलांनी आयुष्यात कधी ना कधी काहीतरी नशेचं घेतल्याचं सांगितलं. यात तंबाखूही धरलेली आहे. पहिल्यांदा घेतल्याचं सरासरी वय होतं १२.९ वर्षं, म्हणजे सातवी-आठवी. आपण व्यसनाचं पहिलं व्याख्यान ठेवतो ते बहुतेकदा अकरावीला.

एक गोष्ट जाता जाता. लहान मुलांमध्ये व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याचं प्रमाणही दारूच्या जवळ जाणारं आहे. २०१९ च्या अहवालात ते १.१७ टक्के होतं. पालकांचं सगळं लक्ष बाटलीकडे असतं, त्यामुळे हे सुटून जातं.

मुलं फॉर्मवर खरं लिहितात कशावरून?

हा प्रश्न अभ्यासकांनाही पडतोच. युरोपात १९९५ पासून १५-१६ वर्षांच्या मुलांची पाहणी दर चार वर्षांनी होते. तिच्या प्रश्नावलीत एका अशा ड्रगचं नाव घालतात जे अस्तित्वातच नाही: 'रेलेव्हिन'. फुशारकी मारणारा मुलगा तिथेही "घेतलंय" अशी खूण करतो आणि सापडतो. अशी मुलं फार थोडी निघतात.

फॉर्म कसा भरून घेतला यावरही पुष्कळ अवलंबून असतं. नाव, रोल नंबर नको. वर्गशिक्षकांनी बाकांमधून फेऱ्या मारायच्या नाहीत. मुलांनी स्वतः फॉर्म घडी करून पाकिटात घालायचा आणि पाकीट चिकटवायचं. आपल्याकडे "सर्व्हे" म्हणून फॉर्म वाटतात, वर हजेरी क्रमांक लिहायला सांगतात आणि मग "आमच्या शाळेत शून्य टक्के" असा निष्कर्ष फळ्यावर येतो. त्या शून्याचा उपयोग शून्य.

आज ना उद्या घेणारच. दोन-चार वर्षं उशिरानं काय फरक पडतो?

मोठा फरक पडतो. अमेरिकेत सुमारे २७ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास १९९७ मध्ये आला. पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक पुढे कधीतरी दारूच्या आहारी गेले होते. विसाव्या वर्षी किंवा नंतर सुरू केलेल्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होतं.

हे आकडे सांगताना घाई करू नये. लवकर पिणाऱ्या मुलांच्या घरात आधीच व्यसन, मारहाण किंवा ओढाताण असण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे सगळा दोष त्या पहिल्या घोटाचा नाही. तरीही उशीर होणं मुलाच्या फायद्याचंच आहे. आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. मौजेची ओढ मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोरात असते. या मधल्या काळात मोठ्यांनी आजूबाजूचं वातावरण सांभाळायचं असतं. प्रतिबंधाचं निम्मं काम तेवढंच आहे.

गांजा तर नैसर्गिक आहे. महाशिवरात्रीला भांग चालते, मग गांजाचं एवढं काय?

नैसर्गिक धोतराही आहे. मुद्दा वयाचा, प्रमाणाचा आणि आजच्या मालाच्या ताकदीचा आहे.

अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य १९९५ च्या सुमारास ४ टक्क्यांच्या आसपास असायचं. २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. त्यामुळे "आमच्या वेळी हॉस्टेलवर सगळे ओढायचे, काही झालं नाही" हा काकांचा अनुभव आजच्या मुलाला लागू होईलच असं नाही.

मनाच्या आजारांशी असलेला संबंध स्वीडनमध्ये स्पष्ट दिसला. १९६९-७० मध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. किशोरवयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक तेरा ते अडतीस वर्षांच्या दरम्यान आठ गुणांपर्यंत घसरल्याचं त्यातून २०१२ मध्ये मांडलं गेलं. यावर वाद झाला. जुळ्या भावंडांवरच्या नंतरच्या अभ्यासात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, म्हणजे घसरणीचं कारण घरची परिस्थितीही असू शकतं. म्हणून "एक झुरका मारलास की मंद होशील" असं मुलांना सांगू नका. ते खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं त्यांना त्यांच्या मित्रांकडे बघून लगेच कळतं. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर मात्र मुलाला हे स्पष्ट सांगा: तुझ्यासाठी हा धोका इतरांपेक्षा मोठा आहे.

२६ जूनला, म्हणजे जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, शाळेत पोलीस अधिकाऱ्यांचं व्याख्यान ठेवतो, फुप्फुसांचे फोटो दाखवतो, शपथ घेतो. पुरेसं आहे ना?

नाही, आणि या बाबतीत पुरावा अगदी स्पष्ट आहे.

१९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन ड्रगचे धोके सांगायचा, मुलांना टी-शर्ट मिळायचे, शपथ व्हायची. बघता बघता तो अमेरिकाभर पसरला. पालक खूश, शाळा खूश, पोलीस खूश. मग अभ्यास येऊ लागले. १९९४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा परिणाम जवळपास नसल्यासारखा निघाला. १९९९ मध्ये दहा वर्षांनंतरची पाहणी आली. 'डेअर' झालेली मुलं आणि न झालेली मुलं यांच्यात फरक नव्हता.

त्याच सुमारास अमेरिकी सरकारनं टीव्हीवर गांजाविरोधी जाहिरातींची प्रचंड मोहीम चालवली. १९९८ ते २००४ या काळात तिच्यावर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाले. स्वतंत्र मूल्यमापनात मुलांचं गांजा ओढणं कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट ज्यांनी जाहिराती जास्त पाहिल्या, त्यांच्यातल्या काही गटांत "सगळेच ओढतात वाटतं" अशी समजूत बळावल्याची चिन्हं होती.

व्याख्यान देणाऱ्यांची तळमळ खरी असते, याबद्दल मला शंका नाही. पण वर्षातला एक तास आणि एक शपथ यांनी आपलं समाधान होतं, आणि काम झालं असं समजून आपण पुढच्या २६ जूनपर्यंत मोकळे होतो. मुलांचा तोटा यात आहे.

मग शाळेत काय चालतं?

जे चालतं ते दिसायला फारसं भारदस्त नसतं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८५-८६ मध्ये पहिलीच्या वर्गांत एक खेळ लावला गेला. वर्गाचे तीन-चार गट, फळ्यावर सोपे नियम, नियम मोडला की गटाच्या नावापुढे एक खूण, कमी खुणा असलेल्या गटांना छोटं बक्षीस. व्यसन, दारू, ड्रग हे शब्दसुद्धा नाहीत. ही मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ज्या वर्गांत हा खेळ झाला होता तिथल्या मुलग्यांमध्ये, विशेषतः लहानपणी दांडगाई करणाऱ्यांमध्ये, ड्रगचं व्यसन लक्षणीय कमी होतं. सहा वर्षांच्या मुलाला वर्गात शांत बसायला, गटात मिसळायला जमलं, शाळेत चांगलं वाटू लागलं, की त्याची पुढची वाट बदलते.

मोठ्या मुलांसाठी कॅनडातल्या पॅट्रिशिया कॉनरॉड यांचा 'प्रिव्हेंचर' हा कार्यक्रम वेगळ्या विचारानं बेतलेला आहे. सगळे पिणारे एकाच कारणानं पीत नाहीत. कुणी निराश असतो, कुणी सतत धास्तावलेला, कुणी विचार न करता धडाधड करून बसणारा, कुणाला सारखा थरार हवा असतो. या चार स्वभावांप्रमाणे मुलांचे छोटे गट करून प्रत्येकी नव्वद मिनिटांची दोन सत्रं घेतात आणि आपल्या स्वभावाला कसं सांभाळायचं यावर बोलतात. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथल्या शाळांत चिठ्ठ्या टाकून गट पाडून याची चाचणी झाली आणि परिणाम चांगले दिसले.

आपल्या देशातलंही सांगण्यासारखं आहे. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत तंबाखूविरोधी कार्यक्रम दोन वर्षं चालवला. ज्या शाळांत तो नव्हता तिथे तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, जिथे होता तिथे १७ टक्क्यांनी घटला. त्यात वर्गातल्या मुलांमधूनच गटप्रमुख तयार केले होते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात शाळेचं वातावरण सुधारण्याच्या एका प्रयोगात तेच काम काही शाळांत शिक्षकांकडे दिलं आणि काही शाळांत स्थानिक, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडे. समुपदेशकांच्या शाळांत दादागिरी आणि नैराश्य कमी झालं, शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. निवडणूक, जनगणना, पोषण आहार यांतून उरलेल्या वेळात माणूस किती करणार?

आइसलंडचं नाव सारखं ऐकू येतं. तिथे काय केलं?

नव्वदच्या दशकात आइसलंडची मुलं युरोपात सर्वाधिक पिणाऱ्यांत मोडत. शुक्रवारी रात्री राजधानी रेक्याविकच्या मध्यवस्तीत झिंगलेल्या पोरांचे घोळके असत. १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी "गेल्या महिन्यात मी झिंगेपर्यंत प्यायलो" असं लिहिलं होतं. २०१६ मध्ये तसं लिहिणारी मुलं ५ टक्के उरली. गांजा कधीतरी ओढलेल्यांचं प्रमाण १७ वरून ७ टक्क्यांवर आलं, रोज सिगारेट ओढणाऱ्यांचं २३ वरून ३ वर.

त्यांनी आधी प्रश्न विचारले. जी मुलं पीत नाहीत त्यांचं काय वेगळं आहे? उत्तरं साधी आली. आठवड्यातून तीन-चार वेळा खेळ किंवा संगीत, नाटक अशा ठिकाणी ती नियमित जात होती, आठवड्याच्या दिवसांत आई-वडिलांबरोबर जास्त वेळ असायची, शाळेत आपली कुणाला तरी काळजी आहे असं त्यांना वाटायचं, आणि रात्री उशिरा ती बाहेर नसायची.

मग याच गोष्टी सगळ्या मुलांना मिळतील अशी व्यवस्था केली. रेक्याविक पालिकेनं प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५ हजार क्रोनांचं 'विरंगुळा कार्ड' दिलं. ते पैसे क्लब, तालीम, वाद्याचा वर्ग यांवरच खर्च करता येत. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही, असा कायदा झाला. शाळेशाळेत पालकांनी एकत्र येऊन लेखी करार केले: आपल्या घरी मुलांच्या पार्टीत दारू असणार नाही, मुलांना विकत आणून देणार नाही, दुसऱ्याचं मूल रात्री दिसलं तर त्याच्या घरी कळवू. शुक्रवारी-शनिवारी रात्री पालक स्वतः गटागटानं वस्तीत फेरी मारायला लागले. पाहणीचे निकाल दरवर्षी प्रत्येक शाळेला आणि वस्तीला वेगळे मिळत, काही महिन्यांत. राष्ट्रीय सरासरी नाही, "तुमच्या शाळेतल्या मुलांचं असं आहे" हे.

आक्षेपही आहेत. याच काळात युरोपात इतरत्रही मुलांचं पिणं कमी झालं, त्यामुळे सगळं श्रेय या कार्यक्रमाचं म्हणता येत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेला हा प्रयोग नव्हता. मला तरीही त्याचं मोल वाटतं. त्या देशानं मुलाला "नाही म्हण" असं शिकवून त्याच्यावरच भार टाकला नाही, संध्याकाळचे चार तास कसे जातील याची जबाबदारी मोठ्यांनी उचलली.

तो चार लाखांचा देश. आपल्याकडे हे कसं जमेल?

कर्फ्यू आणि कार्ड तसंच्या तसं उचलून आणण्याची गरज नाही. पद्धत उचलायची: आपल्या गावाची माहिती, आपल्या गावातले धोके, त्यावर आपल्या गावाचा उपाय. या पद्धतीची काटेकोर चाचणी अमेरिकेत झाली आहे. डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटालानो या संशोधकांनी सात राज्यांतली २४ लहान गावं घेतली, जोड्या लावल्या, चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांत २००३ पासून काम सुरू केलं. पाचवीतल्या ४,४०७ मुलांवर लक्ष ठेवलं. आठवीपर्यंत येताना काम झालेल्या गावांत दारू सुरू करणारी मुलं जवळपास एक तृतीयांशानं कमी होती.

आपल्याकडे मुलाची संध्याकाळ कुठे जाते ते पाहा. शहरात शाळा, मग क्लास, क्लास सुटल्यावर टपरीवर अर्धा तास. मैदानावर पार्किंग झालेलं. लातूर, पुणे, कोटा इथे नीट-जेईईसाठी राहणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं खोली घेऊन एकटी राहतात, आणि परीक्षेचा ताण उतरवायला "बसणं" हा मार्ग त्यांना मोठ्यांकडूनच दिसलेला असतो. टपरीवर सिगारेटशेजारीच रोलिंग पेपरची पाकिटं टांगलेली असतात. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. एकदा स्वतः शाळेच्या फाटकापासून चालत जाऊन मोजा.

घरीच दारूची थोडी चव दाखवली तर कुतूहल संपेल ना?

असं मानणारे पालक बरेच आहेत. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांवर सातवीपासून सहा वर्षं लक्ष ठेवून नेमका हाच प्रश्न तपासला गेला. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: पालकांनी दिल्यानं कोणतंही संरक्षण मिळत नाही. ज्यांना फक्त पालकांकडूनच दारू मिळाली होती ती मुलंही दारू न मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात एका बैठकीत खूप पिण्याकडे गेली, आणि पुढच्या वर्षभरात दुसरीकडून दारू मिळवण्याची त्यांची शक्यता दुप्पट होती.

स्वतः घेणाऱ्या वडिलांनी काय करायचं? मुलाला बर्फ आणि चकणा आणायला पाठवू नका. आणि "तुला परवानगी नाही" हे थेट, न रागावता सांगा.

वयाच्या कायद्यानं खरंच काही होतं?

होतं. अमेरिकेत १९७० ते १९७५ दरम्यान २९ राज्यांनी पिण्याचं किमान वय खाली आणलं, आणि तरुणांचे रस्ते अपघात वाढले. पुढे १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळीकडे ते पुन्हा २१ झालं आणि अपघाती मृत्यू घटले.

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ अशी मर्यादा आहे, शेजारी गोव्यात १८. कॉलेजची गोवा ट्रिप ठरते तेव्हा पालकांनी हे ध्यानात ठेवावं. अठराखालच्या मुलाला दारू किंवा ड्रग देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कागदावर आपला कायदा कडक आहे. काउंटरवर वयाचा दाखला मागितला जातो का, हाच प्रश्न आहे.

दुकानाबाबत लोकांच्या हातातही एक साधन आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं: उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होतं. अनेक गावांतल्या बायकांनी हे करून दाखवलं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. पण बंदी कागदावर राहू नये म्हणून तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' या व्यसनविरोधी अभियानाच्या माध्यमातून गावोगावी संघटना बांधाव्या लागल्या.

कॅनडात गांजा कायदेशीर आहे. तिथे राहणाऱ्या आमच्या नातवंडांचं काय?

१७ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे तो मोठ्यांसाठी कायदेशीर आहे, लहानांसाठी नाही. किमान वय बहुतेक प्रांतांत १९, अल्बर्टात १८, क्वेबेकमध्ये २१. घरात लहान मूल असेल तर सर्वांत आधी गांजाच्या गोळ्या-चॉकलेटांकडे पाहा. ती खाऊसारखीच दिसतात, आणि ती खाऊन दवाखान्यात आणलेल्या लहान मुलांची संख्या तिथे वाढली आहे. कुलूप लावा.

मुलाच्या दप्तरात पुडी सापडली. आता?

त्या रात्री बोलू नका. तुम्ही चिडलेले असाल आणि तो कदाचित नशेत असेल. दुसऱ्या दिवशी, बाकीची मंडळी नसताना बसा. "कुणी शिकवलं?" याऐवजी "कधीपासून, कुणाबरोबर, कशासाठी?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. एकदा चाखून पाहणारा आणि रोज घेणारा यांत फार अंतर आहे. झोप, अभ्यास, जुने मित्र, पैसे यांत काही बदल झाला आहे का ते पाहा. मुलाला मारून, मोबाइल काढून, मामाकडे गावी पाठवून प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, पण मूल फक्त लपवायला शिकतं. विचित्र संशय, कानात आवाज, स्वतःशी बोलणं असं काही असेल तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

उपचाराला नेलं तर पोलीस केस होईल का? कुठे जायचं?

उपचार घेतला म्हणून केस होत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे: सेवन केल्याबद्दल किंवा थोड्या प्रमाणात जवळ बाळगल्याबद्दल पकडली गेलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर तिला खटल्यापासून सूट मिळते.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६, मराठीतही बोलता येतं. पुण्यात १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. खासगी केंद्रात भरती करण्याआधी तिथे मानसोपचारतज्ज्ञ येतात का, अल्पवयीन मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवतात का, आणि घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारा. बांधून ठेवणाऱ्या किंवा मारणाऱ्या ठिकाणी मूल ठेवू नका.